तीन नंबरचं इंजिन

ता. २ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं माझ्या वाढदिवसाचं पत्र पोचलं. यंदाही महिनाभर उशिरा. पण वेळेवर आलं असतं तर मलाच काळजी वाटली असती. तुमचे कान कसे आहेत? ऐकू येत नाही म्हणून फोन घेत नाही, हे समजू शकते. पण डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नाही, एवढं तरी कबूल करा.

लिहायचं कारण निराळंच आहे. मी हल्ली घरच्या कॉम्प्युटरवर विमान चालवते. हसू नका. बाबांच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाला सगळे लिव्हर स्क्रूने आवळून बसवले आहेत, समोर मोठा पडदा आहे आणि पडद्यावर चार पंख्यांचं जुनं प्रवासी विमान आहे. बाबा ज्यावर कॅप्टन होते आणि तुम्ही त्यांच्या मागे बसून चारही इंजिनांची नाडी बघायचात, अगदी तसलंच. हा प्रोग्रॅम भलता खुनशी आहे. आज इंजिनाला थोडीशी इजा झाली तर कॉम्प्युटर बंद केला तरी तो ती विसरत नाही, उद्या तेच दुखणाईत इंजिन पुढ्यात आणून ठेवतो. आपल्याच घराण्यातला शोभेल. रोज उडण्याआधी चारही इंजिनं कोरी करून घ्यायचं एक बटण आहे, पण ते दाबणं हा शुद्ध भ्याडपणा आहे असं माझं मत आहे.

तर अडचण अशी. दर चार-पाच उड्डाणांनी तीन नंबरचं इंजिन जातं. विमान सहा-सात हजार फुटांवर चढलं की ते आधी थरथरतं, मग मागे बार उडतात, मग धूर. एक, दोन आणि चार नंबर ठणठणीत. इंटरनेटवर विचारलं तर सतरा जणांनी सतरा उपाय सांगितले आणि शेवटी आपसातच भांडत बसले. या इंजिनांना हात लावलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. तो कळवेल का?

लोभ आहे, तसाच चालू ठेवावा.

आपली,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला आणि करमणूकही. जिला सायकलची उतरलेली चेन बसवता येत नव्हती, ती आता चार इंजिनांचं विमान उडवते! प्रगती म्हणतात ती हीच. 'शुद्ध भ्याडपणा' हे शब्द तू कुठून उचललेस तेही माझ्या लक्षात आलं आहे, पण मी म्हातारा माणूस, मला काय करायचंय.

आता रोग्याकडे वळू. मागे बार उडतात म्हणजे पेटायची ती हवा वेळेवर पेटत नाही. पहिला संशय कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याचा. ढगातून चढताना गरम हवेचा लिव्हर थोडा पुढे घेऊन बघ. दुसरा संशय स्पार्क प्लगांचा. जमिनीवर इंजिन फार वेळ मंद ठेवलं तर प्लग काजळतात. तिसरा, पेट्रोल आणि हवेचं प्रमाण. चढताना पेट्रोल सढळ हवं. तिथे चिकटपणा केला की सिलिंडर तापतात. मात्र एका वेळी एकच बदल कर. तीन औषधं एकदम घेतलेला रोगी बरा झाला तरी वैद्याला काही कळत नाही.

आणि आवाज कसा येतो ते नीट लिहून कळव. मला ऐकू येत नाही, वाचता येतं. पूर्वी मी इंजिनाच्या आवाजावरून सिलिंडरचा नंबर सांगायचो. आता दारावरची बेल वाजते ती शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघून कळते.

तुझ्या वडिलांची प्रकृती मी विचारलेली नाही. तू लिहिलीस तर मी वाचणार नाही असं मात्र नाही.

पत्राला तेल कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
काका


ता. १९ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तिन्ही उपाय एकेक करून झाले. गरम हवेचा लिव्हर पुढे घेतला, तरी गेलं. प्लग काजळू दिले नाहीत, तरी गेलं. पेट्रोल लग्नघरासारखं सढळ सोडलं, तरी गेलं. आवाज असा: आधी एकसारखी घरघर, मग मधूनच एखादा ठोका गाळल्यासारखा, मग जिन्यावरून कुणी रिकामा डबा सोडावा तसे बार. फक्त तीन नंबर.

आता खरं सांगते, कारण तुम्हाला ते केव्हाच कळलेलं आहे. विमान मी उडवत नाही. बाबा उडवतात. आई गेल्यापासून ते फारसे कुठे जात नाहीत. सकाळी चहा झाला की जुनी टोपी घालून खोलीत बसतात आणि जेवायला उतरतात. उतरतात म्हणजे विमानातून. तीन नंबर पाचव्यांदा गेलं त्या दिवशी मला म्हणाले, की हे एकालाच विचारता येईल, पण तुझ्या नावाने लिही. माझं नाव आलं तर तो पत्र न फोडता परत पाठवील, असंही म्हणाले. तुमचं उत्तर यायच्या सुमारास ते 'काही आलंय का' असं अजिबात विचारत नाहीत. पोस्टमनच्या वेळेला जिन्यातल्या झाडाला पाणी घालतात. जिन्यात झाड एकच आहे आणि ते प्लास्टिकचं आहे.

काका, मला एक जूनपासून दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे. इथून रेल्वेने दीड दिवस. नाही म्हणायची इच्छा नाही आणि बाबांना अशा रिकाम्या घरात एकटं टाकून जायची हिंमतही नाही. त्यांना बोलायला कुणी नाही. मित्र होते ते गेले किंवा मुलांकडे राहायला गेले. तुमच्या दोघांत अठ्ठावीस वर्षं शब्द नाही, का ते मला कुणी धड सांगितलेलं नाही. आई विचारलं की विषय बदलायची. माझ्या हातात दहा आठवडे आहेत. इंजिनाचं निमित्त देवाने दिलं असेल किंवा प्रोग्रॅमने, पण मला ते वाया घालवायचं नाही.

रागवायचं असेल तर रागवा, पण लिहा.

आपली,
भिंगरी


ता. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलो नाही. तुझं पहिलं पत्र वाचतानाच पहिल्या पानावर दादा मला टोपीसकट दिसला होता.

त्याचं इंजिन का जातं ते मला अठ्ठावीस वर्षांपासून माहीत आहे. त्याला उतरायची घाई. शेवटपर्यंत वर राहायचं, आणि मग चारही लिव्हर एकदम मागे ओढून दगडासारखं खाली यायचं. असं केलं की इंजिन पंख्याला फिरवायच्या ऐवजी पंखा इंजिनाला फिरवतो आणि आतले सांधे झिजतात. मी अकरा वर्षं त्याच्या पाठीमागच्या खुर्चीत बसून सांगत होतो, हळू घे. तो म्हणायचा, तू तुझ्या काट्यांकडे बघ. नाचता येईना अंगण वाकडं, तसं याला उतरता येईना आणि इंजिन वाकडं.

तुला कुणी सांगितलं नाही तर मी सांगतो. विमान तेव्हाही म्हातारंच होतं. प्रवासी काढून त्यात माल भरत. एका थंड सकाळी चढताना तीन नंबर पेटलं. दादाने तीन इंजिनांवर विमान परत आणून टेकवलं, आणि काय टेकवलं! ते कौतुक मी आजही करीन. कुणाला खरचटलं नाही. पण चौकशी बसली. मला विचारलं, दादाला विचारलं. इंजिनियरने काही चुकीचं केलेलं तुम्ही पाहिलं का? दादा म्हणाला, मी त्याच्या काट्या-कळांच्या पाट्याकडे बघत नाही. बस, एवढंच. अकरा वर्षांच्या सोबतीबद्दल आणि सख्ख्या भावाबद्दल. तो माणूस चूक करणार नाही, असं म्हणायला काही जड जात होतं का? कारण निश्चित होत नाही, असा शेरा मारून त्यांनी मला विमानावरून काढलं आणि सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. तिथे मी एकोणीस वर्षं वॉशर वाटले. तो मात्र उडत राहिला.

तेव्हा वैमानिकाला सांग, लिव्हर मागे घ्यायचा तो जेवण झाल्यावर ढेकर यावा इतका सावकाश. त्याच्याने जमणार नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

नोकरीबद्दल अभिनंदन. तुझी माया कायम असू दे.

तुझा,
काका


ता. ९ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातला इंजिनाचा भाग बाबांना वाचून दाखवला. बाकीचा मी गाळला, पण मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात त्यांनी पत्र उचलून वाचलेलं असावं, कारण त्या दिवशी ते जेवायला 'उतरले' तेच मुळी तासभर उशिरा.

पण काका, ते हळू उतरतात हो आता. मी मागे मोडा टाकून बसते आणि बघते. सहा उड्डाणं त्यांनी लिव्हर इतके सावकाश मागे घेतले, की पडद्यावरचा विमानतळ दोनदा मागे पडला. सातव्याला तीन नंबर गेलं. आणि मला एक साधी शंका आहे, जी इंजिनियर नसलेल्या माणसालाच येऊ शकते. ते लिव्हर चारही इंजिनांचे ओढतात, मग झिजतं ते तीन नंबरच का?

म्हणून मी मागे बसून सगळं जसंच्या तसं लिहून काढलं आहे. बाबा टोपी घालतात. चष्मा पुसतात. चेकलिस्ट मोठ्याने वाचतात आणि उत्तरंही स्वतःच देतात, पण उत्तरं थोड्या बारीक आवाजात. (ती तुमची असावीत.) मग आधी एकटं तीन नंबर सुरू करतात. ते लागलं की उजवा हात मागे नेऊन, न बघता, टेबलाच्या कडेची एक कळ दाबतात आणि तीन नंबरच्या झडपा बंद करतात. त्याच, इंजिनाच्या झाकणामागच्या, ज्यातून गरम हवा बाहेर जाते. मग मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर नखाने टकटक करत बसतात. तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की झडपा उघडतात, समाधानाने हुं म्हणतात, आणि मग चार, दोन, एक या क्रमाने बाकीची रीतसर सुरू करतात. पुढे रनवे, उड्डाण, चढण. यात मला तरी काही वावगं दिसत नाही. ती झडप का बंद करता, असं विचारलं, तर म्हणाले, इंजिनियर तसंच करतो.

काही सुचतंय का? सात आठवडे उरले आहेत.

आपली,
भिंगरी


ता. २७ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

अठरा दिवस झाले, उत्तर नाही. तुमच्या शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले काका बरे आहेत, गच्चीत बसून असतात, हाक मारली तरी बघत नाहीत. ते तुम्ही एरवीही बघत नाही, म्हणून जीव थोडा भांड्यात पडला.

मी काही चुकीचं लिहिलं का? बाबांनी उडणं थांबवलं आहे. टोपी घालून बसतात, पण काही सुरू करत नाहीत. प्लास्टिकच्या झाडाला मात्र दोन वेळा पाणी मिळतं आहे आणि खालच्या बिऱ्हाडाची तक्रार आली आहे. इंजिन राहू दे. दोन ओळी तरी लिहा.

आपली,
भिंगरी


ता. ३० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुलाच आहे. भिंगरीला वाचू दे, हरकत नाही, पण वाचायचं तू.

'इंजिनियर तसंच करतो.' हे तीन शब्द मी पंधरा-सोळा दिवस बघतो आहे. तुझ्या हातून तीन नंबर जातं ते तुझ्यामुळे नव्हे. ते माझ्यामुळे जातं.

इंजिन जमिनीवर असताना झडपा पूर्ण उघड्या हव्यात, असं पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. उभ्या विमानात समोरून वारा नसतो. झडपा मिटल्या की मागचे सिलिंडर भाजून निघतात, प्लगांच्या तारा करपतात. आणि तो काटा एकाच सिलिंडरचं तापमान दाखवतो, त्यामुळे तो हिरव्यात सुखी आणि बाकीचे आत जळताहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तू सकाळी घड्याळावर टकटक सुरू करायचास. ती टकटक थांबवायला मी एक युक्ती काढली: एक इंजिन झटपट तापवून तुला काटा दाखवायचा, तू हुं करून गप्प बसलास की बाकीची नीट तापवायची. पहिल्यांदा केली तेव्हा थोडी लाज वाटली. पुढे सवय झाली. मग ती सवय आहे हेही विसरलो. रोज थोडं करपत होतं. तुझा प्रोग्रॅम ते लक्षात ठेवतो. मी नाही ठेवलं.

चौकशीत विचारलं, सगळं पुस्तकाप्रमाणे केलंत ना? मी हो म्हणालो, आणि देवाशप्पथ, ते मला खरं वाटत होतं. एकोणीस वर्षं गोदामात बसून मी तुझ्या उतरण्याला शिव्या घातल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वहिनी गेली तेव्हा तुझ्या दाराशी आलो नाही, ते याच तोऱ्यात. त्याची मला फार लाज वाटते, दादा. इंजिनापेक्षा त्याची.

झडपा उघड्या ठेव आणि चारही इंजिनं सावकाश तापव. तीन नंबर पुन्हा जाणार नाही.

आणि इंजिनं कोरी करायचं ते बटण दाबायचं नाही हे तुझं बरोबर आहे. क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिलं आहे असं समज.

तुझा,
धाकटा


ता. ११ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. झडपा उघड्या ठेवल्या. तीन नंबर आठवडाभर चाललं आहे. तेरवा सलग चार तास उडालो, काही झालं नाही. इतका कंटाळा मला नोकरीत कधी आला नव्हता.

आता माझं ऐक. मी त्याच्या पाट्याकडे बघत नाही, हे मी चौकशीत खोटं बोललो. अकरा वर्षं मी तुझ्याच पाट्याकडे बघत होतो. समोर ढग असतात, दुसरं बघायला असतं काय? तुझा हात त्या कळेकडे जाताना रोज दिसायचा. ते बरोबर की चूक हे मला कळत नव्हतं. तू करतोस म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चाललो होतो. पण मी 'पाहिलं' म्हणालो असतो, तर त्यांनी पुढे विचारलं असतं की काय पाहिलं, आणि मला ती झडप सांगावी लागली असती. ती चूक निघाली असती तर तुझं लायसन्स गेलं असतं. म्हणून म्हणालो, बघत नाही. तुला वाचवायला गेलो आणि भाऊ घालवून बसलो. नंतर खुलासा करायचा तर त्यातच झडप आली असती. म्हणून गप्प राहिलो. आणि खरं सांगायचं तर, तू आधी बोलायला यावंस असंही वाटत होतं. तोरा तुझ्या एकट्याचाच होता असं समजू नकोस.

घड्याळावरच्या टकटकीबद्दल भिंगरी म्हणते की ती मी अजून करतो. मला माहीत नव्हतं.

आता कामाचं. परवापासून दोन नंबरचं इंजिन तापायला लागलं आहे. का ते कळत नाही, मी कशाला हात लावलेला नाही. असलं दुखणं पत्रातून समजत नाही, शेजारी बसूनच बघावं लागतं. इस्त्रीच्या टेबलाच्या उजवीकडे, थोडी मागे, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची नेऊन ठेवली आहे. भिंगरी एकोणतीस तारखेला निघणार. त्याआधी आलास तर तिलाही बरं वाटेल. कानातलं यंत्र आण. आणलं नाहीस तरी चालेल, मी मोठ्याने बोलतो.

भावाचा लोभ होता तिथेच आहे.

तुझा,
दादा

ता. क. काका, हे पाकीट मी चिकटवते आहे म्हणून कडेला लिहिते. दोन नंबरवर विश्वास ठेवू नका. परवा सकाळी बाबांनी स्वतः त्याच्या झडपा बंद केल्या आणि घड्याळावर टकटक करत बसले. मी मागेच होते. सकाळची पहिली बस घ्या, ती थेट येते. — भिंगरी